तपासनिसाचे बिऱ्हाड कोठे असावे?

एखादा मोठा अपघात झाला की आपल्या देशात सारे काही ठरलेल्या क्रमाने घडू लागते. मंत्री घटनास्थळी धाव घेतात, नुकसानभरपाईचे आकडे जाहीर होतात, चौकशीची घोषणा होते. आणि शोकाचा पहिला भर ओसरल्यावर, चौकशी करणारा कोण आणि तो कोणाचा माणूस, हा प्रश्न लोकांच्या तोंडी येतो. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच कोसळले. विमानातील २४२ पैकी २४१ आणि जमिनीवरील १९ माणसे प्राणांस मुकली. त्यानंतरही हाच क्रम चालला. तपास मंडळात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाशी संबंधित अधिकारी असल्याची तक्रार झाली आणि तपासाच्या स्वायत्ततेचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणारे महासंचालनालय आणि अपघातांचा तपास करणारे मंडळ या दोन्ही संस्था एकाच मंत्रालयाच्या छत्राखाली आहेत. दोघींचा पत्ताही दिल्लीच्या सफदरजंग विमानतळाच्या आवारातला, म्हणजे मंत्रालयाच्या अंगणातलाच. हा शेजार पाहिला म्हणजे साध्या माणसाच्या मनात साधाच विचार येतो: ही कार्यालये उचलून दिल्लीपासून दूर का नेऊ नयेत? मंत्र्यांची सावली जेथे पडत नाही तेथे ती का मांडू नयेत?

विचार वेडगळ नाही. राजधानीत बसणाऱ्या अधिकाऱ्याला राजधानीची हवा लागते, हे कोणी सांगावयास नको. पण दौलताबादच्या छायेत वाढलेल्या आम्हां मराठी लोकांना, दिल्लीहून बिऱ्हाड हलविण्याच्या बेतांकडे थोड्या सावधपणे पाहण्याची सवय आहे. महंमद तुघलकाची कल्पना मुळात तितकी मूर्खपणाची नव्हती, असे इतिहासकार सांगतात. राज्याचा मध्य साधणे हा हेतू समजण्यासारखा होता. फसले ते माणसे हलविण्यात. आजच्या प्रश्नातही नेमकी हीच मेख आहे, आणि ती समजून घेण्यासाठी सातशे वर्षे मागे जाण्याचे कारण नाही. वाहतूक-सुरक्षेच्या कचेऱ्या राजधानीतून उठवून दूर नेण्याचा प्रयोग याच शतकात नॉर्वे या देशाने पुरतेपणी करून पाहिला आहे.

नॉर्वेची लोकसंख्या आपल्या मुंबई शहराच्याही निम्मी नाही. परंतु समुद्रकिनारा अफाट, डोंगर दुर्गम आणि हवा क्रूर, त्यामुळे बोट आणि विमान ही तेथे चैनीची नव्हे, रोजच्या जगण्याची साधने आहेत. गेल्या शतकाच्या अखेरीस या देशाला लागोपाठ दोन तडाखे बसले. २६ नोव्हेंबर १९९९ रोजी ‘स्लाइप्नर’ नावाची द्रुतगती प्रवासी बोट पश्चिम किनाऱ्यावर हाउगेसुंड गावाच्या उत्तरेस खडकावर आदळून बुडाली आणि १६ जण दगावले. पुढे जेमतेम सहा आठवड्यांत, ४ जानेवारी २००० रोजी, ऑस्टा येथे दोन आगगाड्यांची समोरासमोर टक्कर होऊन १९ जण मेले. आकडे आपल्या मानाने लहान वाटतील. (आपल्याकडे एवढ्याने अग्रलेखही लिहिला जात नाही, हे लाजेने नमूद केले पाहिजे.) पण त्या लहान देशात प्रश्न उठला तो मोठा होता: बोटीला, गाडीला, विमानाला ‘सुरक्षित’ असा शिक्का देणारे तपासनीस खरोखर स्वतंत्र आहेत काय?

२००३ सालच्या प्रारंभी बोंडेविक यांच्या मंत्रिमंडळातील प्रशासनमंत्री व्हिक्टर नॉर्मन यांनी या प्रश्नाला उत्तर देणारी एक योजना संसदेपुढे ठेवली. नॉर्मन हे मूळचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक, तेही राजधानीबाहेरच्या बर्गेनचे. त्यांच्या योजनेला दोन अंगे होती. एक अंग कायद्याचे: तपासनिसांच्या निर्णयात मंत्र्याने हात घालण्याची वाट अरुंद करावी आणि त्या निर्णयांवरची अपिले मंत्र्याकडे न जाता स्वतंत्र मंडळांकडे जावीत. दुसरे अंग भूगोलाचे: या कचेऱ्या ऑस्लोतून उठवून देशभर विखुराव्यात, म्हणजे मंत्रालय आणि तपासनीस यांच्यामध्ये केवळ कायद्याची नव्हे तर मैलांचीही भिंत उभी राहील. शिवाय दूरच्या गावांना सुशिक्षित माणसे आणि पक्क्या नोकऱ्या मिळतील, हा लाभ वेगळाच.

पुढे काय झाले ते आमच्या मते या साऱ्या प्रकरणाचे सार आहे. सरकार अल्पमतातले, त्याला संसदेत तडजोडी कराव्या लागल्या. या तडजोडींत मंत्र्याचे हात बांधणारे जे अंग होते ते पातळ होत होत बरेचसे विरून गेले, आणि कचेऱ्या हलविण्याचे अंग मात्र पार पडले. कारण उघड आहे. आपल्या मतदारसंघात एक सरकारी कचेरी येते म्हटल्यावर कोणत्या लोकप्रतिनिधीच्या तोंडाला पाणी सुटणार नाही? आणि मंत्र्याचा अधिकार कमी करण्यासाठी हात वर करताना, उद्या आपणच मंत्री होऊ शकतो, हे कोणता लोकप्रतिनिधी विसरेल? विमान वाहतुकीचे नियमन करणारी कचेरी आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेस असलेल्या बोडो या शहरी गेली. (आसामातील बोडो लोकांशी या नावाचा काही संबंध नाही.) जहाजांचे संचालनालय २००६ साली हाउगेसुंडला गेले, म्हणजे ज्या किनाऱ्यावर ‘स्लाइप्नर’ बुडाली त्याच किनाऱ्यावर. स्पर्धा, दूरसंचार, माध्यमे यांच्या नियामक कचेऱ्याही अशाच गावोगाव पांगल्या. रेल्वेच्या तपासनिसांची कचेरी मात्र ऑस्लोतच राहिली. खुद्द नॉर्मन यांनी २००४ साली मंत्रिपद सोडले. ही स्थलांतरे त्यांच्या मागे झाली.

कचेऱ्या गेल्या, पण माणसे गेली नाहीत. कागद, कपाटे आणि खुर्च्या यांना बायकापोरे नसतात, अधिकाऱ्यांना असतात. ज्याची पत्नी ऑस्लोच्या रुग्णालयात डॉक्टर आहे, ज्याची मुले तेथील शाळेत आहेत, ज्याचे घर तेथे आहे, तो विमानाच्या पंखातील भेगा ओळखण्यात कितीही निष्णात असला तरी बाराशे किलोमीटर उत्तरेस जाऊन काळोखाचा हिवाळा काढण्यास राजी होत नाही. या कचेऱ्यांतील फार मोठ्या बहुसंख्येने स्थलांतरापेक्षा नोकरी सोडणे पत्करले. काहींत तर जुने म्हणण्यासारखे फारसे कोणी उरलेच नाही. नव्या गावी नवी भरती झाली, तरुण माणसे आली, त्यांना शिकवण्यात वर्षे गेली, काही काळ दोन्हीकडे कचेरी चालवावी लागली आणि या साऱ्यावर कोट्यवधी क्रोनर खर्च झाले. ही पुनर्रचना चालू असताना आकाशातील सुरक्षिततेचे काय होत आहे, हे पाहण्यासाठी २००५ साली खुद्द अपघात-तपास मंडळाला खास पाहणी करावी लागली. सुरक्षिततेसाठी घेतलेल्या निर्णयाचीच सुरक्षिततेच्या दृष्टीने तपासणी करण्याची ही पाळी होती!

येथे न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या काळात नॉर्वेत विमाने कोसळू लागली नाहीत. नव्या गावी कचेऱ्या हळूहळू स्थिरावल्या, आणि आज बोडोतून विमानांचे व हाउगेसुंडातून जहाजांचे नियमन नीट चालले आहे. त्यालाही कारण आहे. बोडो हे काही ओसाड खेडे नव्हे. विडेरो ही तेथील प्रादेशिक विमान कंपनी त्याच गावची, उत्तर नॉर्वेचे बचावकेंद्र त्याच गावचे, आणि हवाई दलाचा मोठा तळ अनेक दशके तेथे होता. हाउगेसुंड तर पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर जगत आलेले. ज्या धंद्यावर नजर ठेवायची त्या धंद्याच्या गावी तपासनीस गेला, म्हणून तो तेथे रुजू शकला. याहून बोलके उदाहरण त्याच देशात आधीचे आहे. समुद्रात खनिज तेल सापडल्यावर १९७२ साली नॉर्वेने तेल संचालनालय स्थापन केले ते मुळातच स्टाव्हांगर या तेलाच्या बंदरी. तेथे काहीच उखडावे लागले नाही; रोप लावले तेच योग्य जमिनीत.

परंतु ज्या मुख्य हेतूने हा खटाटोप झाला, त्या स्वातंत्र्याचे काय? आग्देर विद्यापीठातील ट्रोंडाल व किलांड या अभ्यासकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात याचाच शोध घेतला. कचेरीचे गाव बदलल्याने तिची स्वायत्तता, तिचे वजन आणि मंत्रालयाशी असलेला तिचा व्यवहार यांत फारसा फरक पडला नाही, असे त्यांना आढळले. मंत्री पूर्वी जितका जवळ होता तितकाच जवळ राहिला. फक्त टपालखर्च वाढला, असे आम्ही आमच्या भाषेत म्हणू.

यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. शाळाखात्यात ज्यांनी काही वर्षे काढली आहेत त्यांना जुन्या काळचा ‘दिपोटी’ आठवत असेल. तो तालुक्याहून वीस मैलांवरून यायचा. अंतराच्या दृष्टीने शाळेचा आणि त्याचा काडीचा संबंध नसे. पण उतरायचा हेडमास्तरांच्या घरी, जेवायचा त्यांच्या पंक्तीला, आणि संध्याकाळी त्यांच्याच ओसरीवर बसून शेऱ्याच्या वहीत शेरा लिहायचा. उलट एखादा निर्मळ माणूस शाळेच्या समोरच्या घरात राहत असूनही मास्तरांना धाकात ठेवी. वीस मैल चालून आलेला पाहुणचार स्वीकारतो आणि समोर राहणारा स्वीकारत नाही, तर मग अंतराने नेमके काय साधले? पाहावयाचे ते एवढेच की तपासनिसाची नेमणूक कोण करतो, त्याची बढती कोणाच्या हाती आहे, त्याने लिहिलेला शेरा कोण वाचणार, आणि शेरा लिहून झाल्यावर तो कोणाच्या घरी परतणार.

हे नॉर्वेला आज कळले. पण आपल्याला ते ऐंशी वर्षांपूर्वीच कळलेले होते, ही मोठी नवलाची गोष्ट आहे. १९३७ साली बिहारमध्ये बिहटा येथे भीषण रेल्वे अपघात झाला. शंभराहून अधिक माणसे मेली. त्या प्रकरणातून नेमलेल्या, इंग्लंडातील रेल्वेंचे मुख्य तपासनीस कर्नल माउंट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९३९ मध्ये रेल्वे तपासनीस रेल्वे बोर्डाच्या हाताखाली असू नयेत, या तत्त्वाला बळ दिले. १९३५ च्या कायद्यातही ते तत्त्व होतेच. अखेर मे १९४१ मध्ये तपासनिसांचे खाते रेल्वे बोर्डापासून तोडून टपाल व विमान खात्याकडे देण्यात आले. आगगाडीचा तपासनीस विमानखात्याच्या वळचणीला! आज हा प्रकार विनोदी दिसतो. वस्तुतः ती एक विचारपूर्वक केलेली तोड होती. १९६१ साली त्याचे नाव रेल्वे सुरक्षा आयोग झाले, आणि १९६७ पासून तो नागरी विमान वाहतूक सांभाळणाऱ्या मंत्रालयाकडे आहे. मुख्य आयुक्त बसतात लखनौला. मध्य व पश्चिम मंडळांचे आयुक्त आपल्या मुंबईत. म्हणजे राजधानीपासून दूर, रेल्वेमंत्र्याच्या हुकमतीबाहेर, कायद्याने अधिकार दिलेला असा तपासनीस आपल्याकडे केव्हाचा आहे. नवी रेल्वे वाहतुकीस खुली करण्यापूर्वी त्याचा होकार लागतो. मेट्रोचा नवा टप्पा सुरू होण्याआधी मुंबई-पुण्याच्या वाचकांनी सुरक्षा आयुक्तांच्या पाहणीच्या बातम्या वाचल्या असतील, तीही याच कुळातली.

मग आपल्या आगगाड्या सुरक्षित झाल्या काय? २ जून २०२३ रोजी ओडिशातील बालासोरजवळ बहानागा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्स्प्रेस चुकीच्या मार्गावर वळून उभ्या मालगाडीवर आदळली. २९० हून अधिक माणसे मेली. आयुक्तांनी चौकशी केली, सिग्नलच्या जोडणीतील जुन्या-नव्या चुका शोधून काढल्या. हे काम त्यांनी चोख केले याबद्दल वाद नाही. पण त्या चौकशीचे निष्कर्ष देशाला अधिकृतपणे कळले ते राज्यसभेतील एका लेखी उत्तरातून, संबंधित मंत्र्याच्या तोंडून. ज्या खात्याची चौकशी, त्याच खात्याने तिचा सारांश सांगावा! आयोगाचे अधिकारी येतात तेही बव्हंशी रेल्वेच्याच सेवेतून. लखनौचे अंतर खरे, मंत्रालयाचे अंतरही खरे. तरी दोर पूर्णपणे तुटलेला नाही. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये नेमके येथेच बोट ठेवले होते. नियम करणारे, ते राबविणारे आणि ते पाळले जातात की नाही हे पाहणारे, हे सारे अधिकार रेल्वे बोर्डाच्याच हाती एकवटले आहेत, असे सांगून त्या समितीने कायद्याने स्थापन झालेल्या स्वतंत्र रेल्वे सुरक्षा प्राधिकरणाची शिफारस केली. रेल्वेमार्ग ओलांडताना वर्षाला सुमारे १५,००० माणसे मरतात आणि त्यांपैकी सुमारे ६,००० एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गांवर, हे भयंकर आकडेही त्याच अहवालातले. ते प्राधिकरण अद्याप जन्मास आलेले नाही.

राजधानीबाहेरच्या कार्यालयाचे दुसरे उदाहरण तर आपल्या दारातच आहे. नौवहन महासंचालनालय १९४९ साली स्थापन झाले ते मुंबईतच, आणि ते योग्यच होते. जहाजांच्या कंपन्या येथे, खलाशांची भरती येथे, बंदर येथे. दिल्लीत यमुनेशिवाय पाणी ते कोठले? स्टाव्हांगरप्रमाणेच येथेही रोप योग्य जमिनीत लागले, आणि सागरी वाहतुकीचे जे ज्ञान या शहरात साठले आहे ते कोणत्याही मंत्रालयाला विकत घेता येणार नाही. तथापि जवळ असणे म्हणजे नजर असणे नव्हे, ही गोष्ट या शहराने दोनदा फार मोठी किंमत देऊन शिकली आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे समुद्राने गिळली. कोकणातल्या कित्येक घरांत आषाढातली ती अमावास्या आजही पाळली जाते ती दुःखाने. आणि १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाच्या द्रुतगती नौकेची धडक बसून १५ जण दगावले. चूक धडक देणाऱ्याची, हे खरे. पण बोटीत मंजूर संख्येहून अधिक माणसे असल्याचे त्यानंतर उघड झाले. ती माणसे मोजायची कोणी? बंदराची, नौवहनाची, सागरी मंडळाची अशा साऱ्या कचेऱ्या याच शहरात आहेत. धक्क्यावर उभे राहून बोटीत चढणारी डोकी मोजणारा एक माणूस मात्र नव्हता.

आता पुन्हा विमानांकडे वळू. दिल्लीतील विमान वाहतूक महासंचालनालयाला २०२० साली कायद्याने दर्जा मिळाला, आणि २०२४ चा भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. एवढे होऊनही ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने जो अहवाल सादर केला त्यात असे आढळले की महासंचालनालयात मंजूर पदे १,०६३ असताना भरलेली अवघी ५५३ होती. जवळजवळ निम्म्या खुर्च्या रिकाम्या! विमाने वाढत आहेत, विमानतळ वाढत आहेत, आणि ती तपासणारी माणसे अर्धीच. हा आकडा डोळ्यांपुढे ठेवून दिल्लीबाहेर जाण्याच्या सूचनेकडे पाहावे. वैमानिकी, यंत्रशास्त्र, हवाई नियंत्रण यांत मुरलेली माणसे मुळात दुर्मीळ. खासगी कंपन्या त्यांना दुप्पट-तिप्पट पगाराने ओढून नेतात. जी थोडी सरकारी सेवेत टिकून आहेत त्यांना सामान बांधण्याचा हुकूम निघाला, तर बोडोला जे घडले ते येथे दसपटीने घडेल. फरक एवढाच, की नॉर्वेत तपासनीस पुन्हा घडविण्यास वेळ होता. आपल्या आकाशात तितकी उसंत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे. कचेरी हलविण्याआधी तिचे दोर तपासावेत. विमान अपघात तपास मंडळ हे नागरी विमान वाहतूक मंत्रालयातून काढून संसदेला थेट जबाबदार करावे. त्याच्या प्रमुखाची नेमणूक ठराविक मुदतीची असावी आणि मुदत संपल्यावर त्याला त्याच मंत्रालयात किंवा त्या मंत्रालयाच्या कृपेवर चालणाऱ्या कंपनीत जागा मिळू नये. रेल्वे सुरक्षा आयुक्तांचा प्रत्येक चौकशी अहवाल ठराविक दिवसांत, संपूर्ण, शब्दशः प्रसिद्ध करण्याचे बंधन कायद्यात घालावे, आणि तो आयोगाने स्वतः प्रसिद्ध करावा. काकोडकर समितीची शिफारस तेरा वर्षांहून अधिक काळ धूळ खात पडली आहे. ती मान्य नसेल तर तसे संसदेत सांगावे, मान्य असेल तर विधेयक आणावे. गुळमुळीत मौन पुरे झाले.

आणि भूगोलाचा विचार करावयाचाच असेल, तर तो उखडण्याच्या नव्हे, लावण्याच्या बाजूने करावा. महासंचालनालयात ज्या पाचशेंवर जागा रिकाम्या आढळल्या, त्यांतील नव्या नेमणुका दिल्लीतच व्हाव्यात असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? विमाने दुरुस्त होतात मुंबईत, बंगळूरात, हैदराबादेत. वैमानिक राहतात तेथेच. त्या शहरांत तपासनिसांची नवी ठाणी पुऱ्या अधिकारांनिशी उघडली, तर कोणालाही बिऱ्हाड मोडावे लागणार नाही. संसदेच्या पुढील अधिवेशनात मंत्रिमहोदयांना आपल्या महाराष्ट्राच्या खासदारांनी एवढेच विचारावे: ऑगस्ट २०२५ मध्ये रिकाम्या असलेल्या त्या जागांपैकी आज किती भरल्या, आणि कोणत्या गावी?